ऑफ सीझनची वही

श्रावण, पहिला सोमवार

गाळप बंद असतं त्या ऑफ सीझनमध्ये साखर कारखान्याची मशिनरी दुरुस्त होते, आणि चीफ इंजिनिअर म्हणून ते काम माझ्याकडे. सकाळच्या मीटिंगला ऊस पिळणाऱ्या मिल विभागाने सांगितलं, ८० टक्के काम झालं. इव्हॅपोरेटरवाले म्हणाले ८० टक्के. पॅन आणि सेंट्रिफ्युगलकडूनही तेच. हा आकडा मी वहीत उतरवत नाही. ८० टक्क्यांवर आलेलं काम तिथेच महिनाभर बसून राहतं, कारण सोपं ते आधी उरकलेलं असतं आणि अडलेलं तेवढं मागे उरतं. मी प्रत्येकाला एवढंच विचारतो, की उरलंय काय.

मिल फोरमनना सगळे मामा म्हणतात, मीही म्हणतो. "मामा, तिसऱ्या मिलचं काय राहिलं?" ते बोटांवर मोजत म्हणाले, "टॉप रोलर फाउंड्रीतून यायचाय साहेब. तो आल्याबिगर बेअरिंग बसत नाही, आणि रोलर बसल्याबिगर ट्रॅश प्लेटचं सेटिंग घेता येत नाही. क्रेन एकच. ती पुढच्या आठवड्यात टर्बाइनवाल्यांनी मागितलीय." तिसऱ्या मिलचा सगळा बेत एवढ्यात आला. कशासाठी काय अडलंय, कुठली वस्तू बाहेर अडकलीय, आणि कुठे दोन विभागांची एकाच क्रेनवर ओढाताण होणार आहे. मी फाउंड्रीला फोन लावून रोलरची तारीख पक्की केली. क्रेनचे वार मामांनी आणि टर्बाइन इनचार्जनी समोरासमोर बसून वाटून घेतले.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पट्टा पडला, गाळप संपलं, की साखर कारखाना झोपतो. आमचं खरं काम तेव्हाच सुरू होतं. एप्रिल-मेमध्ये मशिनरी उघडायची, झीज मोजायची, सामानाचे इंडेंट (मागणीपत्रं) काढायचे, रोलर शेलिंगला, म्हणजे नवं कवच चढवायला, पाठवायचे, पावसाळ्यात ओव्हरहॉलिंग उरकायचं, दसऱ्याला बॉयलर अग्निप्रदीपन आणि त्यानंतर मोळी, म्हणजे पहिला ऊस टाकून गाळपाची सुरुवात. या कामाची शेवटची तारीख आमच्या हातात नाही. ऊस रानात उभा असतो, ऊसतोड टोळ्यांना उचल दिलेली असते, बीडकडची माणसं लेकराबाळांसह ट्रॅक्टरमधून निघालेली असतात. त्यांना कोण सांगणार, की मिलचं एक बेअरिंग राहिलंय, महिनाभर थांबा?

नारळी पौर्णिमा झाली त्याच आठवड्यात

एक गोष्ट मी आग्रहाने करतो आणि तिच्यासाठी दरवर्षी वादही घालतो. हंगामात ज्या मिलवर जो फिटर उभा राहणार, ती मिल ऑफ सीझनमध्ये त्यानेच जोडायची. ठेकेदाराची माणसं मदतीला जरूर घ्यावीत, उचलाउचलीला घ्यावीत, पण क्लिअरन्स (दोन भागांमधली फट) मोजायचा तो आपल्या माणसाने आणि रजिस्टरवर सही करायची तीही त्यानेच. सगळंच ठेक्याने दिलं तर काम लवकर होतं, हे मान्य आहे. पण डिसेंबरात रात्री दोन वाजता बेअरिंग तापलं की ठेकेदार तिथे नसतो. तिथे आपला फिटर असतो, आणि ते बेअरिंग आत कसं बसलंय हे त्याने पाहिलेलंच नसेल तर तो अंदाजाने हातोडा चालवतो.

पण नुसती सही मागून भागत नाही, सहीबरोबर अधिकारही द्यावा लागतो. म्हणून आज प्रत्येक फिटरबरोबर बसून ठरवलं, की कुठले निर्णय त्याने मला न विचारता घ्यायचे. स्क्रॅपरची टोकं बदलायची का, बुश घासून चालवायचा की नवा टाकायचा, पॅकिंग कुठलं भरायचं, ट्रॅश प्लेट किती उतरवायची. यावर त्याचा शब्द शेवटचा. शाफ्टला काही दिसलं, बॉयलरच्या दाबाखालच्या भागाला हात लावायचा असला, किंवा बंद व्हेसलमध्ये (टाकीत) माणूस उतरवायचा असला, तर मला किंवा डेप्युटी चीफला उठवायचं, मग रात्र असो की सण.

एका जुन्या फिटरने विचारलं, "आणि आमचा निर्णय चुकला तर साहेब?" मी म्हणालो, रजिस्टरमध्ये कारण लिहून ठेवा. कारण लिहून घेतलेल्या निर्णयामागे मी उभा राहीन. त्यांनी मान हलवली, पण पूर्ण पटल्यासारखं दिसलं नाही. पटायला एखादा हंगाम जाईल. असा विश्वास एका मीटिंगमध्ये बसत नसतो.

गौरी गेल्या त्या दिवशी

निम्मा कारखाना सुट्टीवर. दुपारी आयटीआयमधून आलेला एक प्रशिक्षणार्थी मुलगा केबिनच्या दारात उभा राहिला. दुसऱ्या मिलचा रोलर शाफ्ट रॉकेलने पुसताना त्याला जर्नलच्या, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या, कडेला केसाएवढी रेघ दिसली होती. "ओरखडा असंल साहेब, पण म्हटलं सांगावं." तासाभरात तडा शोधणारी डाय पेनेट्रंट टेस्ट लावली. लाल रंग मारला, पुसला, पांढरं डेव्हलपर फवारलं, आणि रेघ लालभडक उमटून आली. ओरखडा नव्हता. तडा होता.

नवा शाफ्ट म्हणजे फोर्जिंग, मशिनिंग, शेल चढवणं. मोळीच्या आत ते होणं शक्य नाही. अशा बातमीने कोणाचंही तोंड उतरतं. तरी मुलाला मी पहिलं वाक्य म्हणालो ते "बरं झालं सांगितलंस", आणि ते मनापासून होतं. वरिष्ठाच्या तोंडावर त्या पहिल्या क्षणी काय दिसतं, यावर पुढची बातमी त्याच्यापर्यंत येणार की नाही हे ठरतं. आज मी त्याला झिडकारलं असतं, किंवा "इतके दिवस काय करत होता" असं फोरमनवर सगळ्यांसमोर ओरडलो असतो, तर पुढच्या वेळी रेघ दिसली की पुसणारा हात ती पुसून पुढे गेला असता. मग तो शाफ्ट जानेवारीत, उसाने भरलेल्या गव्हाणीसमोर (ऊस मिलमध्ये जातो त्या तोंडाशी) तुटला असता.

जपानमध्ये टोयोटाच्या कारखान्यात लाइनवरच्या कुठल्याही कामगाराला दोष दिसला की दोरी ओढून मदत बोलावता येते, आणि अडचण वेळेत सुटली नाही तर लाइन थांबते. मला त्यातली यंत्रणा तितकीशी भावत नाही. दोरी ओढणाऱ्याकडे तिथला सुपरवायझर धावत जातो तो मदत करायला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आमच्याकडे अशी दोरी नाही. माझ्या केबिनचं दार आहे, तेवढं तरी उघडं राहिलं पाहिजे.

संध्याकाळपर्यंत तीन कामं केली. एमडींना (कार्यकारी संचालकांना) फोन करून जसं आहे तसं सांगितलं, काही मऊ केलं नाही. शेजारच्या तालुक्यातल्या कारखान्यात त्याच मापाची मिल आहे, त्यांच्या चीफ इंजिनिअरना विचारलं. त्यांच्याकडे एक जोडलेला जादा रोलर पडून होता. सहकारात ही उसनवारी चालते आणि ती चालते म्हणून कित्येक हंगाम तरतात. नव्या शाफ्टची ऑर्डरही आजच टाकली, म्हणजे उसना रोलर पुढच्या ऑफ सीझनला सन्मानाने परत जाईल. बाकीच्या सगळ्या शाफ्टची आतले तडे शोधणारी अल्ट्रासॉनिक टेस्ट उद्यापासून. ती मुळात यादीत होतीच, फक्त पुढे होती. मागवलेला माणूस येईल तेव्हा त्याच्याबरोबर हाच मुलगा राहील.

पितृपक्ष, पाऊस

आज मागच्या हंगामाचं स्टॉपेज रजिस्टर घेऊन बसलो. शेती अधिकारी, चीफ केमिस्ट आणि मी, तिघं एका टेबलाला. हे वर्षातून एकदा तरी व्हायलाच हवं, आणि तेही हंगामाच्या आधी, डोकी थंड असताना.

रजिस्टरमध्ये मिल थांबली की वेळ आणि कारण लिहितात: ऊस नाही, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, प्रोसेस. प्रत्येक रकाना एका विभागाचा. हंगामात यावरूनच भांडणं पेटतात, कारण थांबलेला वेळ कुणाच्या तरी नावावर पडतो. दिवसाला ५,००० टन गाळणारा कारखाना तासाला दोनशे टनांहून जास्त ऊस ओढतो. तासभर थांबला की यार्डात दहा-बारा ट्रॅक्टर वाढतात, ऊस वाळतो, वजन घटतं, तोडलेल्या उसातली साखर उतरायला लागते. तो ऊस सभासदाचा आणि कारखानाही सभासदाचाच. कारखान्यात पोचलेल्या उसाचे पैसे १४ दिवसांत द्यायचे, असं १९६६चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. वेळेवर गाळप झालं नाही तर ते पैसे येणार कुठून?

तिघांनी मिळून वाचलं तेव्हा एक गोष्ट दिसली. मोठे ब्रेकडाउन थोडे होते, आणि आठवतात तेच. खरा वेळ खाल्ला होता तो दहा-पंधरा मिनिटांच्या थांब्यांनी. ऊस मिलकडे नेणारा कॅरिअर चोक. कारणाच्या रकान्यात "मेकॅनिकल". पण चोक होतो तो ऊस एकदम लोटला जातो म्हणून, लोटला जातो तो आधी यार्डात खंड पडलेला असतो म्हणून, आणि खंड पडतो तो त्या गटाच्या तोडीचं नियोजन विस्कटलेलं असतं म्हणून. एका रकान्यात तीन विभाग लपलेले. शेती अधिकारी स्वतःहून म्हणाले, रात्री यार्डात किती वाहनं आहेत ते दर दोन तासांनी मिल हाउसला कळवू. केमिस्ट म्हणाले, ज्यूसची मागणी कमी करायची असेल तर अर्धा तास आधी सांगू. मी कबूल केलं, की कॅरिअरचा वेग त्या दोन आकड्यांवरून ठरेल आणि तो गव्हाणीवरचा ऑपरेटर ठरवेल. याला एक रुपयाही खर्च नाही. तिघांनी एकत्र बसायला मात्र इतके हंगाम गेले.

दुपारी दुसरा विषय, नको म्हणण्याचा. संचालक मंडळाची इच्छा आहे, की अग्निप्रदीपनाला पाहुणे येतात तर मिल हाउस रंगवून घ्यावं. रास्त इच्छा आहे, कारखाना त्यांचा अभिमान आहे. पण रंगाच्या परांच्या लागल्या की वरची क्रेन थांबते, आणि या घडीला सगळा बेत त्या क्रेनवर टांगलेला आहे. भिंतीवरचा बार चार्ट घेऊन मी एमडींकडे गेलो. क्रिटिकल पाथची पद्धत १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ड्युपॉन्ट या रसायन कंपनीत आकाराला आली, आणि तिची सुरुवातीची मोठी परीक्षा लुईव्हिलच्या प्लांटच्या देखभालीसाठीच्या बंदवर झाली. म्हणजे ती आमच्यासारख्यांच्या कामासाठीच जन्मलेली. तिचं म्हणणं साधं आहे. ज्या कामांच्या साखळीत एक दिवसही सैल नाही, तिला कुणी हात लावायचा नाही, बाकीची कामं मागेपुढे सरकवता येतात. मी एमडींना चार्टवरची त्या साखळीची लाल रेघ दाखवली आणि म्हणालो, दर्शनी बाजू आणि गव्हाण आत्ता रंगवू, आतलं सगळं पुढच्या मे महिन्यात. त्यांनी मान्य केलं. कागद समोर असला की नकारही जड जात नाही.

घटस्थापना

बॉयलरची हायड्रॉलिक टेस्ट झाली. कामाच्या दाबापेक्षा जास्त दाब धरून निरीक्षकांनी ट्यूबचे जोड टॉर्च लावून एकेक पाहिले. गळती नाही. प्रमाणपत्राशिवाय बॉयलर पेटत नाही, त्यामुळे या एका कागदाकडे सगळ्यांचे डोळे होते.

आता सगळ्यांना घाई सुटलीय, आणि मला नेमकी तीच नकोय. भट्टीत नवीन रिफ्रॅक्टरी (आग सोसणारं अस्तर) आहे. ती हळूहळू सुकवावी लागते, मंद आग, टप्प्याटप्प्याने. जोरात पेटवली तर आतलं पाणी वाफ होऊन ती फोडून टाकतं. कामगारांचंही तसंच पाहतोय. शेवटच्या पंधरवड्यात डबल ड्युटी लावून काम उरकायची जुनी सवय आहे. थकलेला माणूस व्हेसलमध्ये उतरला, बाहेर परमिट घेऊन उभा राहणारा चहाला गेला, की काय होतं ते या उद्योगात सगळ्यांना माहीत आहे. मी लेखी काढलं: डबल ड्युटीनंतर कुणीही व्हेसलमध्ये उतरणार नाही, काम मागे पडलं तरी चालेल. हंगामी माणसं कामावर यायला लागलीत, त्यांना आधी दोन दिवस जुन्यांबरोबर नुसतं फिरवायचं आणि मगच हत्यार द्यायचं.

दसऱ्यानंतर

अग्निप्रदीपन झालं. मिल नो-लोड, म्हणजे ऊस न घालता, फिरली, बॉयलिंग हाउसची पाण्यावरची ट्रायल चालू आहे. ज्यूस हीटरचे दोन जोड गळतात, एका पंपाला कंपन आहे. माणसं लागलीत.

मोळी टाकल्यानंतरच्या पहिल्या रात्रीची पाळी कोण घेणार, हे आज ठरवलं. रिवाज असा, की चीफ इंजिनिअर स्वतः मिल हाउसमध्ये उभा राहतो. मी ती पाळी शिफ्ट इंजिनिअरकडे दिली. तो पाच महिने या मशिनरीबरोबर राहिलाय, प्रत्येक क्लिअरन्स त्याला तोंडपाठ आहे. मी तिथे उभा राहिलो तर फिटर त्याला सोडून माझ्याकडे बघतील आणि पुढे हंगामभर बघत राहतील. त्याला सांगितलंय, की ठरलेल्या तीन गोष्टींसाठी मला उठव, बाकी तू बघ. मी कॉलनीत आहे, फोन उशाशी असेल. त्या रात्री माझ्याकडून फोन जाणार नाही.