ट्रेनरसाठी जुनं मागचं चाक

जून लागला की पुण्यात माझी सायकल हॉलमधे ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पेडल मारायच्या स्टँडवर चढते, मागचं चाक रोलरवर घासतं तसला साधा ट्रेनर आहे. मागच्या वर्षी महिन्याभरात चांगल्या टायरचा मधला भाग सपाट झाला आणि फरशीवर काळा भुगा, त्यावरून घरी ऐकून घेतलं ते वेगळंच. ट्रेनरचा कडक रबराचा टायर मिळतो पण तो रस्त्यावर चालवायचा नाही, म्हणजे दर रविवारी काढा-घाला, कोण करणार?

मग म्हटलं ट्रेनरपुरतं वेगळं जुनं चाकच बघू. ओळखीच्या सायकलवाल्याकडे एक ७०० सी मापाचं पडलेलं होतं, ८०० रुपयांत दिलं. रिम, म्हणजे चाकाची धातूची कडा, ब्रेकने घासून गेलेली, पण ट्रेनरवर ब्रेक मारतंय कोण! हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, मात्र नीट बघा, आणि चाक वर-खाली उडत असेल तर रोलरवर धडधड होते, म्हणून आउट काढून, म्हणजे चाक सरळ करून घ्या.

एक माती खाल्लीच. माझी सायकल रिम ब्रेकची, फ्रेममधे मागच्या हबसाठी जागा १३० मिमी, आणि आधी एक १३५ वालं डिस्क ब्रेकचं चाक स्वस्त मिळालं म्हणून उचलून आणलं होतं, बसेचना, गेलं परत. कॅसेटही, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, सायकलच्या गिअरइतक्याच स्पीडची (चकत्यांची) लागते, माझी ९ ची जुनी ठेवलेली होती तीच लावली, नशीब चेन उडत नाही. स्क्यूअर, म्हणजे हबमधून जाऊन चाक घट्ट धरणारा दांडा, ट्रेनरसोबत आलेला स्टीलचाच.

आता अदलाबदल दोन मिनिटांत. भुगा अजून पडतो, खाली जुनी सतरंजी टाकलीय.