एका स्वाक्षरीसाठी साडेचार महिने, त्यातले तीन एका कूपनापायी

रिप्लाय कूपनाचा, म्हणजे परदेशातून येणाऱ्या उत्तराचा टपालखर्च भागवणाऱ्या कागदाचा, विषय निघाला की अजून माझं डोकं तापतं. स्वाक्षरी मिळाली, पाकीट समोर टेबलावर आहे, तरीही. म्हणून सविस्तर लिहितेय. परदेशातल्या कलाकाराला कुणी पत्र पाठवणार असेल, तर निदान त्याचे तीन महिने वाचावेत.

मी बरीच वर्षं दीपगृहांची टपाल तिकिटं जमवते. ब्रिटनने १९९८ मध्ये काढलेल्या दीपगृहांच्या संचापासून सुरुवात झाली. त्यात एडिस्टोन आहे, बेल रॉक आहे. हळूहळू छायाचित्रावरून छापलेल्या तिकिटांपेक्षा कोरीव छपाईच्या तिकिटांकडे मन ओढलं गेलं. अशा तिकिटावरून बोटाचं टोक हलकेच फिरवलं तर शाईचा उठाव लागतो. मऊ पोलादाच्या तुकड्यावर, तिकिटाच्याच आकारात, उलटं चित्र एकेक रेघ करून कोरायचं आणि मग ते पोलाद कडक करायचं, असं ते काम. चेस्लाव स्वानिया (१९२१–२००५) यांनी अशी हजारावर तिकिटं कोरली. आज ही विद्या येणारे थोडेच उरलेत.

त्या थोड्यांतल्या एकांवर माझा फार जीव आहे. नाव मुद्दाम देत नाही. पत्ता घरचा आहे, आणि तो ज्यांच्याकडून मिळाला त्यांना मी तसा शब्द दिलाय. तिकीटसंग्राहकांच्या एका मासिकात त्यांची मुलाखत वाचली, तिच्यात शेवटी जाता जाता आलं होतं की ते स्वतःही दीपगृहांची तिकिटं जमवतात. मी तो परिच्छेद तीनदा वाचला. त्यांनी कोरलेल्या एका दीपगृहाचं फर्स्ट डे कव्हर, म्हणजे तिकीट निघालं त्याच दिवशीच्या शिक्क्याचं पाकीट, माझ्याकडे होतं, डबल म्हणजे जास्तीचंसुद्धा होतं. त्यावर त्यांची सही हवी, हे त्याच रात्री ठरलं.

पत्र लिहायला एक संध्याकाळ लागली. पत्ता मिळायला आठवडा. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

अडलं ते परतीच्या टपालावर. स्वाक्षरी मागताना परतीचं पाकीट स्वतःचा पत्ता घालून आणि टपालखर्चासकट पाठवायचं, हा साधा शिष्टाचार. पण आपली तिकिटं त्यांच्या देशात चालत नाहीत. यासाठीच जागतिक टपाल संघाचं इंटरनॅशनल रिप्लाय कूपन आहे. १९०६ च्या रोमच्या अधिवेशनात ते ठरलं. आपण इथे विकत घ्यायचं, समोरच्याने त्याच्या पोस्टात देऊन परदेशी जाणाऱ्या पत्राची तिकिटं घ्यायची. इतकं सरळ.

मी कूपन मागितलं तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "रिप्लाय पेड पाकीट का?" नाही म्हटलं, समजावलं, फोनवर चित्र दाखवलं. त्या म्हणाल्या, असं काही येत नाही. मी परत आले. चार दिवसांनी पुन्हा गेले, तेव्हा तिथले वरिष्ठ म्हणाले की मोठ्या कार्यालयात मिळेल. मोठ्या कार्यालयात फिलाटेलीच्या खिडकीवर विचारलं, तर ते तिकीटसंग्राहकांचं काम नाही, परदेशी टपालाकडे जा. परदेशी टपालवाले म्हणाले, साठा कॅशियरकडे असतो. कॅशियर रजेवर.

पुढच्या आठवड्यात कॅशियर भेटले. त्यांनी कपाट उघडलं, खालच्या कप्प्यातून एक लिफाफा काढला, आणि त्यात खरोखर कूपनं होती! मला इतका आनंद झाला की मी तिथेच दोन मागितली. घरी येऊन पाहिलं तर कूपनावर छापलेली मुदत संपलेली. पैसे परत मागायला गेले, तर कॅशियरने विकलेल्या वस्तूचा परतावा खिडकीवर होत नाही, अर्ज करा. अर्ज केला. नव्या कूपनांसाठी वेगळा अर्ज केला. पोच मागितली, ती "नंतर" मिळणार होती. सहा आठवडे काही नाही. दर सोमवारी मी जायचे, आणि दर सोमवारी नव्या माणसाला रिप्लाय कूपन म्हणजे काय हे पहिल्यापासून सांगायचे.

मला राग माहीत नसल्याचा नाही. कुणालाही सगळं माहीत नसतं. राग याचा, की त्या इमारतीत एकानेही "थांबा, बघून सांगतो" म्हटलं नाही. मी पुढच्या खिडकीकडे जाताना त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याची भावना दिसायची, ती मला अजून बोचते.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली, ती आधी कळती तर मी इतकी भांडले नसते. संघाच्या सभासद देशांना कूपन बदलून देणं बंधनकारक आहे, विकणं नाही. ब्रिटनने २०११ च्या अखेरीस विक्री थांबवली, अमेरिकेने २०१३ मध्ये. तेव्हा आपल्या पोस्टाने "आम्ही विकत नाही" असं स्पष्ट सांगितलं तर तो नियमभंग नाही. मला तेवढं स्पष्ट उत्तर दिलं असतं तरी चाललं असतं.

अकराव्या सोमवारी एक नवं, मुदतीतलं कूपन मिळालं. एकच. ते घेऊन घरी आले, परतीचं पाकीट तयार केलं, आत दोन पुठ्ठे आणि कव्हर घालून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. ३४ ग्रॅम. कूपनावर मिळतो तो परदेशी पत्राचा किमान दर, सर्वसाधारणपणे २० ग्रॅमपर्यंतचा. म्हणजे इतकं करून ते पुरतच नव्हतं. त्या रात्री मला रडू आलं, हे लिहायला संकोच वाटत नाही.

म्हणून सांगते, सगळ्यात आधी पाकीट पुठ्ठ्यासकट तोला. बाकीचं नंतर.

उत्तर घरातच होतं. मी तिकिटं जमवणारी बाई! त्यांच्या देशाची न वापरलेली तिकिटं माझ्याच अल्बममध्ये होती, आणि त्यातली काही त्यांनीच कोरलेली. दर तिथल्या टपालखात्याच्या संकेतस्थळावर पाहिला, बेरीज जुळवली, वर एक तिकीट जास्तीचं लावलं. गोंद ओला करताना हात थरथरला, कारण कोरी तिकिटं चिकटवायची नाहीत हे इतकी वर्षं पाळलेलं. चलन बदललेल्या देशांबाबत मात्र आधी खात्री करा. जर्मनीची फक्त मार्कमधली किंमत असलेली जुनी तिकिटं २००२ च्या जूननंतर चालत नाहीत. ज्यांच्याकडे अशी तिकिटं नाहीत, त्यांनी त्या देशातल्या संग्राहकाशी अदलाबदल करावी किंवा तिथल्या टपालखात्याकडून थेट मागवावीत. कूपनामागे धावू नये.

कूपनही पत्रात ठेवलं. इतक्या कष्टाने मिळालेलं घरात ठेवून काय करू?

पत्राबद्दल राहिलंच. ते एका पानाचं होतं. "मी आपली चाहती आहे" हे एका वाक्यात, बाकी पान एका प्रश्नावर. कोरीव छपाईत उजेड म्हणजे न कोरलेली जागा. रात्रीच्या आकाशात दीपगृहाचा झोत दाखवायचा तर भोवतीच्या रेघा नेमक्या कडेशी थांबायला हव्यात, आणि एखादी पुढे गेली तर पोलाद परत भरून येत नाही. तर आकाश आधी कोरलं, की झोताची कड आधी ठरवली? हे मला मनापासून जाणून घ्यायचं होतं. छंद सारखा असेल तर छंदातलंच विचारावं असं माझं मत आहे.

कव्हरं दोन पाठवली, एक सहीसाठी आणि एक त्यांना ठेवायला. सही कुठे हवी ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, डावीकडे चित्राखाली, शिक्क्यापासून दूर. पेन पाठवला नाही, फक्त पिगमेंट शाईचा बारीक पेन असेल तर बरं असं लिहिलं. बॉलपेनचा वळ पाकिटावर उमटतो, जाड मार्कर पसरतो. आणि पुठ्ठ्यांना चिकटपट्टी लावू नका. सोडवताना कव्हर फाटतं.

पाच आठवड्यांनी पाकीट आलं. परतीच्या तिकिटांवर शिक्का स्वच्छ, गोल, मधोमध. तो त्यांनी खिडकीवर उभं राहून मारून घेतला असणार, संग्राहकाशिवाय हे कुणी करत नाही. सही मी सांगितली तिथेच. सोबत अर्धं पान: झोताची कड त्यांनी आधी सुईने अगदी पुसट आखली होती, आणि आकाशाच्या रेघा बाहेरून झोताकडे नेल्या, उलट नाही. मी भिंग घेऊन पाहिलं. प्रत्येक रेघ कडेशी बारीक होत जाते. इतकी वर्षं ते तिकीट माझ्याकडे होतं आणि मला हे दिसलं नव्हतं.

कूपन त्यांनी परत पाठवलं, वापरायची गरज पडली नाही असं लिहून. पाठीमागे त्यांच्या संग्रहात नसलेल्या अकरा दीपगृहांची यादी. त्यातली तीन माझ्या डबल्समध्ये निघाली. पाकीट तोलून ठेवलंय, १८ ग्रॅम. उद्या टाकते.