खानदेशातल्या अनुभवी वकिलासाठी ऊर्जा कायदा: सुरुवात सातबाऱ्यापासून

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या कोर्टात दहा-पंधरा वर्षं दिवाणी काम केलेल्या वकिलाला तेल, वायू आणि वीज हे मुंबई-दिल्लीच्या मोठ्या फर्मचं क्षेत्र वाटतं. पण पाइपलाइन जमिनीखालून जाते, वीजवाहिनी जमिनीवरून जाते, पवनचक्की जमिनीवर उभी राहते. आणि जमिनीचे कागद वाचण्यात आपला हात बसलेला असतो. साक्रीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, सौर प्रकल्प आहे. दीपनगरला औष्णिक केंद्र आहे. मनमाडहून इंदूरजवळच्या मांगलियाकडे जाणारी इंधनवाहिनी खानदेश ओलांडूनच जाते. काम दारात आहे. नेमकं कोणतं आणि ते करायचं कसं, एवढंच इथे लिहितो.

पहिलं काम पाइपलाइनच्या भरपाईचं. १९६२ चा पेट्रोलियम आणि खनिज पाइपलाइन कायदा जमिनीची मालकी घेत नाही, फक्त वापरहक्क, म्हणजे जमिनीखालून नळ टाकण्याचा हक्क, घेतो. भूसंपादनाच्या संदर्भांत मुरलेला वकील इथेच चुकतो. जुना अर्ज समोर ठेवून तीच कलमं, तीच मागणी उतरवतो, आणि अर्ज पहिल्याच तारखेला अडखळतो. या कायद्याचा क्रम वेगळा आहे. वापरहक्क घेण्याचा इरादा सांगणारी कलम ३(१) ची अधिसूचना निघते, कलम ५ खाली हरकतीला २१ दिवस मिळतात. हे दिवस कधीपासून मोजायचे ते अधिसूचनेतच लिहिलेलं असतं. ती ओळ आधी वाचावी. मग वापरहक्क घेतल्याची कलम ६ ची घोषणा. ती अधिसूचनेपासून एका वर्षात झाली नाही तर अधिसूचना आपोआप संपते, म्हणून दोन्ही राजपत्रांच्या तारखा शेजारी शेजारी लिहून ठेवाव्यात.

भरपाई कलम १० मध्ये आहे आणि तिचे दोन भाग आहेत. एक, प्रत्यक्ष नुकसान. दोन, वापरहक्कापोटी जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के. हा बाजारभाव ३(१) च्या तारखेचा धरतात, त्यामुळे अधिसूचनेनंतर घाईने करून घेतलेल्या बिनशेतीचा उपयोग नाही. रक्कम आधी सक्षम प्राधिकारी ठरवतो. ती मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करायचा, आणि त्यांचा निर्णय अंतिम असतो. पहिलं अपील नाही. पुढे उरते ती औरंगाबाद खंडपीठातली रिट, आणि तिथे कोणी नव्याने पुरावा घेत नाही. म्हणून या कामाचं सगळं वजन पंचनाम्यावर येतं.

रावेर-यावलमधला केळीचा मळा घ्या. १८ मीटर रुंदीचा पट्टा शेतातून २०० मीटर गेला, म्हणजे ३६ आर. पंचनाम्यात ‘केळी, ३६ आर’ एवढंच लिहिलं की शेतकरी तिथेच बुडाला. दीड बाय दीड मीटरची लागवड असेल तर त्या पट्ट्यात १६०० खोडं बसतात. ती मोजून लिहायला हवीत. मृगबाग की कांदेबाग (म्हणजे लागवड कोणत्या हंगामाची), लागवडीला किती महिने झाले, निसवण झाली का, म्हणजे घड बाहेर पडला का, घड किती भरलेत, पिलबाग (जुन्या खोडाच्या पिलांवरचं पुढचं पीक) ठेवली आहे का, हे सगळं त्याच कागदावर आलं पाहिजे. नुकत्याच निसवलेल्या झाडाचा घड कापला तर बाजारात त्याला भाव नाही, म्हणजे तिथे नुकसान पूर्ण पिकाचं. आणि ठिबक! पट्ट्यातली मुख्य नळी तोडली की पलीकडच्या दोन एकरांचं पाणी बंद होतं. कलम १०(३) मध्ये शेताचे तात्पुरते तुकडे पडल्याचं, इतर मालमत्तेचं आणि मिळकतीचं नुकसान धरलेलं आहे. पंचनाम्यात ते नसेल तर नंतर तोंडी साक्षीने भरून काढणं फार अवघड जातं. पक्षकाराने खोदाई सुरू होण्याआधीच तारखेसह फोटो काढावेत आणि पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी तो वकिलाला दाखवावा. एवढं एक काम जमलं तरी अर्धी केस उभी राहते.

उच्चदाब वाहिनीचं काम याच वळणाचं, कायदा वेगळा. वीज कायदा २००३ च्या कलम १६४ खाली कंपनीला टेलिग्राफ कायद्यातले अधिकार मिळतात, आणि भरपाईचा वाद टेलिग्राफ कायद्याच्याच कलम १६(३) खाली जिल्हा न्यायाधीशांकडे जातो. इथेही निर्णय अंतिम. टेलिग्राफ कायदा रद्द झाला, आता अर्ज कशाखाली करायचा, हा प्रश्न बाररूममध्ये येतोच. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने कलम १६४ च्या वाहिन्यांपुरता जुन्या कायद्याचा भाग ३ चालू ठेवला आहे. दराबाबत केंद्राच्या २०१५ च्या सूचनांत टॉवरच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला कमाल १५ टक्के होते. जून २०२४ च्या सूचनांत ते २०० आणि ३० टक्के झाले. राज्याचा त्या तारखेला लागू असलेला शासन निर्णय शोधून सोबत जोडावा. शिवाय सर्वोच्च न्यायालयाचा २००७ चा लिव्हिशा निकाल आहेच: जमीन कुठे आहे, वाहिनी कडेने जाते की मधोमध, लहान तुकड्यावरून जाते का, हे बघूनच भरपाई ठरवायची. मोजणी नकाशावर तारांची रेघ लाल शाईने आखून दिली तर न्यायाधीशांना तो मुद्दा एका नजरेत दिसतो.

दुसरी बाजू प्रकल्पवाल्यांची. पवन आणि सौर कंपन्यांना शोध अहवाल, म्हणजे जमिनीची मालकी निर्वेध आहे का हे तपासून दिलेला अहवाल, हवा असतो, आणि मुंबईत बसून सातबारा वाचता येत नाही. तीस वर्षांचा शोध, सगळे फेरफार, ८-अ, पोटहिस्से, भोगवटादार वर्ग २ चा शेरा (म्हणजे हस्तांतरावर बंधन असलेली जमीन), बहिणींची नावं कमी केलेले हक्कसोडपत्र खरंच नोंदणीकृत आहे का, हे इथलाच माणूस पकडतो. साक्री आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात तर महसूल संहितेचं कलम ३६-अ आधी बघायचं. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला पाच वर्षांपर्यंत भाड्याने द्यायलाही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. त्यापुढच्या मुदतीला शासनाची पूर्वमान्यता हवी. पंचवीस-तीस वर्षांचा भाडेपट्टा नोटरी करून उरकलेला दिसला तर आपल्या अहवालात स्पष्ट शब्दांत ‘नको’ लिहा. फी थोडी उशिरा मिळाली तरी चालेल. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये सौर प्रकल्पाला दिलेल्या जमिनीचं भाडं हेक्टरी वर्षाला सव्वा लाख आणि दरवर्षी ३ टक्के वाढ आहे. शेतकऱ्याच्या बाजूने करार तपासताना ही वाढ, पैसे थकल्यास उपाय आणि मुदत संपल्यावर पाया कोण उखडणार, ही तीन कलमं आधी शोधा.

एक जपायचं: एखाद्या वाहिनीच्या प्रकरणात शेतकऱ्याला सल्ला दिला असेल तर त्याच प्रकरणात कंपनीचं वकीलपत्र घेता येत नाही. लहान गावात हे कोणाच्याही लगेच लक्षात येतं.

दाल मिल, जिनिंगवाल्यांची वीजबिलं हा रोजचा धंदा आहे. वीज कायद्याच्या कलम १२६ खालच्या, म्हणजे अनधिकृत वीजवापराच्या, अंतिम आकारणीवर ३० दिवसांत अपील, त्यासाठी निम्मी रक्कम आधी भरायची. आणि अशा आकारणीविरुद्धच्या दिवाणी दाव्याला त्याच कायद्याचं कलम १४५ आडवं येतं, मनाईअर्जात वेळ घालवू नये.

यातून वर जायचं तर पुढची पायरी वीज नियामक आयोगाची. वीजखरेदी करारावरचे उत्पादक आणि वितरण कंपनीचे वाद वीज कायद्याच्या कलम ८६(१)(फ) खाली राज्य आयोगाकडे जातात, तिथून ४५ दिवसांत अपिलीय न्यायाधिकरण, मग ६० दिवसांत सर्वोच्च न्यायालय. इथे कायद्याइतकंच गणित लागतं. मेगावॅट आणि युनिट, क्षमता वापर घटक, स्थिर आणि अस्थिर आकार यांतला फरक कळला नाही तर याचिका वाचता येत नाही. आयोगाचा एखादा दरनिश्चितीचा आदेश तक्त्यांसह, पेन्सिल हातात धरून पूर्ण वाचा. पहिल्याला आठवडा लागतो, पाचव्याला एक संध्याकाळ पुरते. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा एनर्जी वॉचडॉग निकाल वाचा. परदेशी कोळसा महागला म्हणून करारातून सुटका नाही, मात्र भारतातला कायदा बदलला तर दिलासा मागता येतो, हे त्यात नीट उलगडलं आहे.

तेल-वायूच्या उत्खनन करारांचे लवाद मात्र खरोखर दिल्ली-मुंबईतच चालतात. तिकडे जायचं असेल तर कंपनीच्या विधी विभागातून जाणं सोपं. पूर्णवेळ पगारी नोकरी घेतली की बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे वकिली थांबवावी लागते आणि तसं कौन्सिलला कळवावं लागतं. हातातली प्रकरणं, पक्षकारांचे मूळ कागद आणि उरलेली फी यांचा हिशोब पोच घेऊन पूर्ण करावा, नेमणूकपत्रावर सही त्यानंतर.