धुके रंगवताना काय काढायचे

९ जानेवारी, दिवाडी

सकाळी सातला खाजनावर, म्हणजे खाडीकाठच्या बांधबंदिस्त शेतावर, दाट धुके. मानशीपलीकडचे (भरतीचे पाणी अडवणाऱ्या दारापलीकडचे) माड गायब. गोव्यात बर्फ पडत नाही, पण हिवाळ्याच्या चित्राला बर्फच हवा असे कुठे आहे? कोरा कागद तेच काम करतो, फक्त तो कोरा ठेवायचा धीर हवा.

एकटेपणा दाखवायचा म्हटले की बांधावर पाठमोरा माणूस उभा करायचा, ही सवय सुटत नाही. दाखला जर्मन चित्रकार फ्रीडरिखच्या ‘समुद्राकाठचा भिक्षू’चा (१८०८-१०). तो कॅनव्हास पावणेदोन मीटर रुंद, आणि माणूस वीतभरसुद्धा नाही. आधी त्यात जहाजेही होती. फ्रीडरिखने ती रंगाखाली बुजवली. खरा एकटेपणा त्या बुजवण्यात आहे. माझ्या मते माणूस शेवटी घालावा, आणि तोही चित्र त्याच्यावाचून अडत असेल तरच.

जलरंगात हे करायचे तर ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद दोन्ही बाजूंनी भिजवून बोर्डावर बसवावा. क्षितिज खालच्या पाचव्या हिश्शात. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून करडा करावा. निळा जास्त पडला तर थंडी, तांबूस जास्त पडला तर उन्हे वर येत असल्याचा भास. काळी ट्यूब नको, धुके मळकट होते. पहिला हात फिकट द्यावा, वाळल्यावर तो आणखी उतरतो.

सगळी गोम माडांच्या रांगेत. कागदाची चकाकी मावळू लागली की दाट रंग लावायचा, आणि ब्रशात कागदापेक्षा कमी पाणी हवे. ब्रश जास्त ओला असला तर नवे पाणी आधीचा रंग बाहेर ढकलते आणि दातेरी काठाचा डाग उमटतो. इथल्या दमट हवेत चकाकी बराच वेळ टिकते, म्हणून घड्याळ न बघता कागद तिरका धरून बघावा. डाग पडलाच तर ओल्यात चोळू नये. पूर्ण वाळू द्यावा, मग ओलसर ब्रशने काठ मऊ करावा.

निळ्याची भीती वाटत असेल तर नॉर्वेचा चित्रकार हाराल्ड सोलबर्गचे १९१४ चे ‘डोंगरातली हिवाळी रात्र’ पाहावे. जवळजवळ सगळे निळे, वर एक ठळक तारा. उबदार रंगाचा ठिपका ठेवायचाच तर एकच, फेरीबोटीच्या दिव्याएवढा.

पावसाळाभर उघड्यावर राहिलेला कागद आधी कोपऱ्यावर थेंब टाकून तपासावा. थेंब टीपकागदासारखा लगेच शोषला गेला, तर कागदाची खळ (पाणी लगेच मुरू न देणारा लेप) गेली. तो कोळशाच्या रेखाटनांना ठेवावा.