तुम्ही विचारलंत म्हणून : पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट सिनेमात इतक्या उशिरा का आल्या?

फॉर्स्टर यांच्या कादंबरीवरचा डेव्हिड लीन यांचा ‘अ पॅसेज टू इंडिया’ हा चित्रपट दाखवून झाला आणि दिवे लागले, की चर्चेतले प्रश्न बहुधा ठरलेल्या क्रमाने येतात. पहिला प्रश्न गुहेत नेमके काय घडले हा. दुसरा प्राध्यापक गोडबोल्यांविषयीचा, आणि तो आपल्याकडे येणारच, कारण गोडबोले आडनावाचा दख्खनी ब्राह्मण अ‍ॅलेक गिनेस यांनी चेहरा रंगवून उभा केलेला पाहताना मराठी प्रेक्षक खुर्चीत चुळबुळ केल्याशिवाय राहत नाही. तिसरा प्रश्न मात्र कौतुकाचा असतो. मिसेस मूर, म्हणजे मुलाला भेटायला हिंदुस्थानात आलेली इंग्रज म्हातारी, झालेली ही वृद्ध अभिनेत्री कोण, आणि इतक्या ताकदीची बाई आजवर होती कुठे? सिनेमात ती इतक्या उशिरा का आली? तोवर वेळ संपत आलेली असते, सभागृहाचा माणूस किल्ल्या हातात घेऊन दाराशी उभा असतो, आणि दोन वाक्यांत या प्रश्नाची बोळवण होते. म्हणून हे सविस्तर उत्तर.

मुळात पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट उशिरा आल्या, हेच पुरते खरे नाही. 1933 पासून त्या अधूनमधून पडद्यावर दिसत होत्या, आणि 1935 साली हिचकॉक यांच्या ‘द थर्टी नाइन स्टेप्स’मध्ये त्यांनी जे काही मिनिटांचे काम केले, ते माझ्या मते त्या चित्रपटातले सर्वांत खोल काम आहे. खुनाचा खोटा आळ आलेला नायक पोलिसांना चुकवत स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखात पोहोचतो आणि एका शेतकऱ्याच्या घरी रात्रीपुरता आसरा मागतो. शेतकरी वयाने मोठा, कर्मठ आणि संशयी. त्याची तरुण बायको ग्लासगोहून इथे नांदायला आलेली. नवरा जरा बाहेर गेलेला पाहून ती पाहुण्याशी शहराच्या गोष्टी काढते. शनिवारच्या रात्रीची ट्रामची वर्दळ, दिवे, सिनेमाघरे यांची तिला अजून ओढ आहे. लंडनच्या बायका पायाची नखे रंगवतात म्हणे, ते खरे का, हेही तिला विचारायचे आहे. पुढे तिघे जेवायला बसतात. टेबलावरच्या वर्तमानपत्रातल्या खुनाच्या बातमीवर तिची नजर पडते आणि तिथून नायकाकडे वळते. नवरा डोळे मिटून प्रार्थना म्हणतो आहे आणि त्याच्या समोर हे दोघे डोळ्यांनीच बोलत आहेत : तो तूच का? होय, पण मी काही केलेले नाही. नवरा डोळे किलकिले करतो आणि त्या नजरांचा भलताच अर्थ लावतो. रात्री पोलिसांची गाडी येताना दिसताच ती नायकाला जागे करते, नवऱ्याचा गडद कोट त्याच्या अंगावर चढवते आणि त्याला मागच्या दाराने वाटेला लावते. त्या कोटाच्या खिशातल्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकात पुढे गोळी अडकते आणि नायक वाचतो. कोट देऊन टाकल्याबद्दल तिच्या वाट्याला काय येते, ते कॅमेरा दाखवत नाही. फक्त ऐकू येते. सत्तावीस वर्षांच्या त्या बाईने एक अख्खे फसलेले लग्न त्या तेवढ्याशा जागेत बसवले आहे.

म्हणजे कॅमेऱ्यासमोर काय करायचे, हे त्यांना तेव्हाच ठाऊक होते. मग पुढे काय झाले? त्याच वर्षी लंडनच्या न्यू थिएटरमध्ये त्या ज्युलिएट झाल्या. जॉन गिलगुड आणि लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी त्या नाटकात रोमिओ आणि मर्क्युशिओ या भूमिका आपसांत आलटून पालटून केल्या आणि त्याची चर्चा आजही होते; ज्युलिएट मात्र एकच होती आणि ती दोन्ही रोमिओंना पुरून उरली. माझ्या उत्तराचा गाभा इथेच आहे. अ‍ॅशक्रॉफ्टबाईंना जे हवे होते, ते सिनेमाजवळ नव्हते. त्यांना मंडळी हवी होती. एकत्र राहून, एकमेकांच्या सवयी ओळखून, नाटकामागून नाटक बसवत जाणारी, आज राणी तर उद्या दासी व्हायला कोणाची ना नसलेली अशी मंडळी.

22 डिसेंबर 1907 रोजी लंडनलगतच्या क्रॉयडन येथे जन्मलेल्या या मुलीचे वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले. अभिनयाचे शिक्षण तिने सेंट्रल स्कूलमध्ये घेतले, जिथे ऑलिव्हिए तिच्या बरोबरीने शिकत होते, आणि विद्यार्थिदशेतच मॉस्को आर्ट थिएटरचे रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की यांचे आत्मचरित्र तिच्या हाती पडले. मॉस्कोच्या त्या मंडळीत कोणी तारा नसतो, सगळा समूह मिळून नाटक उभे राहते, ही कल्पना तिने एकदा उचलली ती जन्मभर सोडली नाही. 1926 साली बर्मिंगहॅमला तिने व्यावसायिक रंगभूमीवर पहिले पाऊल टाकले आणि 1930 साली सॅव्हॉय थिएटरमध्ये शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’त पॉल रोब्सन यांच्या ऑथेल्लोसमोर ती त्याची बायको डेस्डेमोना झाली. देवलांच्या ‘झुंझारराव’मुळे ही कथा मराठी प्रेक्षकाच्या परिचयाची आहे; पण कृष्णवर्णीय नटाने गोऱ्या नटीला रंगमंचावर जवळ घ्यावे, ही 1930 च्या लंडनमध्ये साधी गोष्ट नव्हती. अ‍ॅशक्रॉफ्ट यांना द्वेषाने भरलेली पत्रे आली. ज्या सॅव्हॉय हॉटेलच्या उपाहारगृहाने वर्षभरापूर्वी रोब्सन यांना प्रवेश नाकारला होता, ते या नाट्यगृहाच्या शेजारीच होते. वंशभेद म्हणजे काय, याचा पहिला जवळचा धडा त्यांना तिथे मिळाला, आणि पुढे आयुष्यभर त्या राजकीय प्रश्नांवर उघड भूमिका घेत राहिल्या, त्याची सुरुवात मला इथे दिसते.

मंडळीचे स्वप्न तुकड्यातुकड्यांनी साकार होत गेले. 1937-38 च्या हंगामात गिलगुड यांनी क्वीन्स थिएटर घेऊन चार नाटके केली. त्यांतले चेकॉव्हचे ‘थ्री सिस्टर्स’ मिशेल सँ-दनी या फ्रेंच दिग्दर्शकाने बसवले, आणि त्यासाठी लंडनच्या तेव्हाच्या रिवाजापेक्षा कितीतरी अधिक काळ तालमी घेतल्या. त्यात त्या धाकटी बहीण इरिना होत्या. युद्धाने हे सगळे उधळले. मग 1960 साली तिशीही न गाठलेल्या पीटर हॉल यांनी शेक्सपिअरच्या जन्मगावच्या, स्ट्रॅटफर्डच्या हंगामी नाट्यमेळ्यातून कायमस्वरूपी नाट्यसंस्था उभी करायचे ठरवले, तिलाच पुढे रॉयल शेक्सपिअर कंपनी हे नाव मिळाले, तेव्हा बावन्न वर्षांच्या, ‘डेम’ हा किताब मिळालेल्या अ‍ॅशक्रॉफ्ट त्यांच्याबरोबर गेल्या. वेस्ट एंडमध्ये, म्हणजे लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीवर, हवे ते नाटक आणि हवी ती बिदागी मिळत असताना त्यांनी हे केले. एखाद्या तरुण संस्थेला असे नाव सुरुवातीलाच लाभणे म्हणजे काय, हे नाटकवाल्यांना सांगायला नको.

आता सिनेमाची बाजू. 1949 साली लंडनला ‘द एअरेस’ या नाटकात बापाच्या धाकाखाली पिचलेल्या श्रीमंत मुलीची भूमिका त्यांनी केली, बाप होते राल्फ रिचर्डसन. त्याच वर्षी हॉलिवूडचा त्याच नाटकावरचा चित्रपट आला. बाप तिथेही रिचर्डसनच. मुलीच्या भूमिकेत मात्र ऑलिव्हिया डी हॅविलंड, आणि त्या कामाबद्दल त्यांना ऑस्कर. 1952 साली टेरेन्स रॅटिगन यांच्या ‘द डीप ब्लू सी’मधली हेस्टर अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी प्रथम रंगमंचावर आणली, चित्रपट निघाला तेव्हा ती भूमिका व्हिव्हियन ली यांच्याकडे गेली. यात कोणी कोणावर अन्याय केला असे मी म्हणणार नाही. चित्रपटाला तिकीटबारीवर चालणारा चेहरा लागत होता, आणि अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी तसा चेहरा घडवण्यासाठी वेळ दिला नव्हता. त्यांचा वेळ तालमीत गेला होता.

रंगमंचावरचे काम हवेत विरते आणि आम्हाला ते मोठेपण ऐकीव म्हणूनच घ्यावे लागते, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. या बाबतीत ती अर्धीच खरी आहे. 1963 साली स्ट्रॅटफर्डला जॉन बार्टन आणि पीटर हॉल यांनी शेक्सपिअरची ‘सहावा हेन्री’ची तीन आणि ‘तिसरा रिचर्ड’ अशी चार नाटके आटवून ‘द वॉर्स ऑफ द रोझेस’ या नावाने तीन नाटकांची माळ केली, आणि बीबीसीने ती रंगमंचावरच चित्रित करून 1965 साली दाखवली. फ्रान्समधल्या अंजू प्रांताच्या मार्गारेटची, म्हणजे सहाव्या हेन्रीच्या राणीची, भूमिका अ‍ॅशक्रॉफ्ट यांची. नाटकात ती प्रथम येते तेव्हा फ्रान्समधून आणलेली कोवळी राजकन्या असते आणि शेवटी सगळे गमावून शाप देत फिरणारी म्हातारी होते. हा सारा प्रवास पंचावन्न ओलांडलेल्या बाईने केला. हेन्रीच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या यॉर्कच्या वधाचा प्रसंग जरूर पाहावा. पकडलेल्या यॉर्कच्या डोक्यावर मार्गारेट कागदाचा मुकुट ठेवते आणि त्याच्याच मुलाच्या रक्तात भिजवलेला रुमाल त्याला डोळे पुसायला देते. हा प्रसंग आरडाओरडा करून खेळणे सोपे आहे. अ‍ॅशक्रॉफ्ट त्यात थट्टा आणतात, मौजेत आल्यासारख्या हसतात, आणि यॉर्क झालेले डोनाल्ड सिंडन बोलू लागतात तेव्हा ते हसू हळूहळू उतरताना दिसते. केलेल्या क्रौर्याचे ओझे तिचे तिलाच जाणवू लागलेले असते. ज्यांना या बाईंचे रंगमंचीय काम पाहायचे आहे, त्यांनी सुरुवात इथून करावी. 1962 चे चित्रित झालेले ‘द चेरी ऑर्चर्ड’ही आहे. त्यात त्या राणेव्हस्काया आहेत, गिलगुड त्यांचे भाऊ आहेत आणि मुलगी आन्याच्या भूमिकेत तरुण जुडी डेंच आहेत.

1975 साली, सदुसष्टाव्या वर्षी, त्यांनी बेकेटच्या ‘हॅपी डेज’मधली विनी केली. पहिल्या अंकात ही बाई कमरेपर्यंत मातीच्या ढिगाऱ्यात पुरलेली असते आणि दुसऱ्या अंकात गळ्यापर्यंत. हात नाहीत, मान वळत नाही, उरतात ते डोळे आणि ओठ. नॅशनल थिएटरची नवी इमारत 1976 साली उघडली, तेव्हा लिटलटन रंगमंचावरच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांत हेच नाटक होते. मला नेहमी वाटते, की पुढच्या दहा वर्षांत कॅमेऱ्याने त्यांच्याकडून जे घेतले, त्याची तालीम या ढिगाऱ्यात झाली. 1982 मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या ‘ऑल्स वेल दॅट एंड्स वेल’मधल्या काउंटेसनंतर त्यांनी रंगमंच सोडला आणि मग पडद्याला त्या पूर्ण वेळ मिळाल्या.

त्यातले सर्वांत मोठे काम मिसेस मूरचे नव्हे, असे माझे मत आहे, आणि ते ऐकून चर्चेतली मंडळी थोडी हिरमुसतात. ते काम 1984 च्या जानेवारीपासून ब्रिटिश दूरचित्रवाणीवर चौदा भागांत दाखवल्या गेलेल्या ‘द ज्युएल इन द क्राऊन’मधले आहे. पॉल स्कॉट यांच्या चार कादंबऱ्यांवरची ही मालिका हिंदुस्थानातल्या इंग्रजी सत्तेच्या अखेरच्या वर्षांची. बार्बी बॅचलर ही मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेली, लग्न न झालेली शिक्षिका पांकोट नावाच्या थंड हवेच्या ठिकाणी एका वृद्ध विधवेच्या बंगल्यात पैसे देऊन राहायला येते. ती अखंड बोलते. समोरचा ऐकतो आहे की नाही याची तिला काळजी वाटते, म्हणून ती आणखी बोलते. देव ऐकतो आहे की नाही याचीही तिला तीच काळजी आहे. लष्करी अधिकाऱ्यांच्या बायका तिला खालच्या पायरीची समजतात, आणि आश्रय देणारी विधवा वारताच बार्बीला घर सोडावे लागते. पुढे तिची मिशनमधल्या आयुष्याची ट्रंक लादलेला टांगा पावसात उतारावर कलंडतो, आणि त्यानंतर इस्पितळातली बार्बी बोलतच नाही. आधीच्या भागांत जी बडबड ऐकून हसू येत होते, तिचाच अभाव आता असह्य होतो. अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी बार्बीला कुठेही केविलवाणी केलेले नाही. ती हट्टी आहे, थोडी त्रासदायकही आहे, म्हणूनच ती खरी वाटते.

मिसेस मूर याच सुमारास चित्रित झाली. लीन आणि अ‍ॅशक्रॉफ्ट यांच्या वयात केवळ तीन महिन्यांचे अंतर होते. मशिदीतला प्रसंग आठवा. चांदण्यात परकी बाई पाहून डॉक्टर अझीझ तिच्यावर ओरडतो, बूट काढायला हवे होते म्हणतो. ते तिने आधीच काढलेले असतात. त्यानंतर बहुतेक बोलणे व्हिक्टर बॅनर्जी यांच्याकडे आहे आणि अ‍ॅशक्रॉफ्ट ऐकतात. त्यांचे ऐकणेच असे आहे, की अझीझ आपोआप मोकळा होत जातो. मूळ कादंबरीत गुहेतून बाहेर आल्यावर मिसेस मूर तुटक, चिडचिडी आणि जवळजवळ स्वार्थी होते. लीन यांनी तो कडवटपणा बराच सौम्य केला, तरी अ‍ॅशक्रॉफ्ट यांच्या थकलेल्या नजरेत त्याचा अंश टिकून राहिला. कादंबरीचे लेखक फॉर्स्टर 1921 साली देवास थोरली पाती या पवारांच्या मराठा संस्थानात महाराजांचे खासगी सचिव होते, आणि तिथे पाहिलेली गोकुळाष्टमी त्यांनी कादंबरीच्या शेवटच्या भागात घातली. त्या उत्सवात नाचता नाचता गोडबोल्यांना जी म्हातारी अचानक आठवते, ती मिसेस मूरच.

25 मार्च 1985 रोजी, लीन यांच्या सत्त्याहत्तराव्या वाढदिवशी, अ‍ॅशक्रॉफ्ट यांना सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. समारंभाला त्या स्वतः नव्हत्या. अँजेला लॅन्सबरी यांनी ते त्यांच्या वतीने स्वीकारले. त्या गटात इतक्या वयाची विजेती आजवर दुसरी झालेली नाही. याच भूमिकेला ब्रिटिश अकादमीने मात्र प्रमुख अभिनेत्रीचा पुरस्कार दिला. मिसेस मूर अर्ध्या वाटेवर मरते आणि तरी चित्रपटभर असते, त्यामुळे दोन्ही परीक्षकांचे म्हणणे मला पटते.

1989 साली पीटर हॉल यांनीच दिग्दर्शित केलेल्या ‘शीज बीन अवे’ या चित्रपटात त्यांनी साठ वर्षे मनोरुग्णालयात काढून बाहेर आलेली लिलियन केली. भाचेसुनेच्या भूमिकेत जेराल्डिन जेम्स होत्या, बार्बीला भेटायला इस्पितळात येणारी सारा लेटन झालेल्या त्याच. व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार त्या दोघींना विभागून मिळाला. 14 जून 1991 रोजी अ‍ॅशक्रॉफ्ट गेल्या, त्याआधीचे त्यांचे हे अखेरचे मोठे काम. आणि जोडीदारिणीबरोबर अर्धे अर्धे वाटून घेतलेला तो पुरस्कार त्यांना एकटीच्या ऑस्करपेक्षा अधिक मानवला असावा, असा माझा अंदाज आहे.