तुम्ही विचारलंत म्हणून: मन लागत नाही, काय करावं?

"वावर आहे, घर आहे, लेकरं आहेत, तरी मन लागत नाही. आपल्यातच काही कमी आहे असं वाटते. माणसानं सुखी कसं व्हावं?" यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांत हा प्रश्न भर बैठकीत येत नाही. बैठक उठल्यावर, चपला घालता घालता विचारतात, तोही बहुतेक शेजाऱ्याच्या नावानं.

सुखाचं मागून पाहू. आधी एक कागद घ्या आणि मधोमध रेघ मारा. एका बाजूला या हंगामात आपल्या हाती नव्हतं ते लिहा: पाऊस लांबला, दुबार पेरणी झाली, ऐन विक्रीत भाव पडला. दुसऱ्या बाजूला आपण ठरवलं ते: वाण, खत, फवारणीची वेळ, उधारी. दुसरी बाजू भरताना "मी नालायक" असं लिहायचं नाही, झालेली गोष्ट लिहायची. उदाहरणार्थ, फरदड घेतली, म्हणजे वेचणी संपल्यावरही कपाशी वावरात ठेवली. पाणी देऊन पऱ्हाटी (कपाशीची झाडं) मार्चपर्यंत उभी ठेवली की गुलाबी बोंडअळीला खायला मिळत राहतं आणि ती पुढच्या हंगामात उतरते. २०१७ साली विदर्भानं या अळीचा दणका पाहिला आहे. ही चूक आपली खरी, पण डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटली की ती दुरुस्त होते. नालायकपणाला असा काही उपाय नसतो, म्हणून तो शब्द कागदावर नको. माझा अनुभव असा की या बाजूला दोन-तीन ओळींच्या वर काही जमत नाही.

दुसरा कागद कर्जाचा. कोणाचं, मुद्दल किती, व्याज किती, तारीख कोणती, तारण काय, असे पाच रकाने. बँक, सोसायटी, कृषी केंद्राची उधारी, बचत गटाचा हप्ता, सावकार, सगळं एकाच पानावर. इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. "शेकडा तीन" ऐकायला हलकं वाटतं, पण ते महिन्याचं असतं; वर्षाचे ३६ टक्के झाले. आणि गटाचं कर्ज बाईच्या नावावर, कृषी केंद्राचं माणसाच्या, म्हणून एकमेकांचा आकडा दोघांनाही ठाऊक नसतो. हा कागद नवरा-बायकोनं सोबत बसूनच भरावा. पहिल्या दिवशी भांडण होईल, होऊ द्या. सावकारानं जमीन बळकावली असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते.

"मन लागलं की वावरात जाईन" हे उलटं आहे. काम आधी, मन मागून येतं. पण काम लहान हवं आणि त्याची वेळ ठरलेली हवी: सकाळी सातला वीस मिनिटं, पऱ्हाटीच्या दोन ओळी निंदायच्या अन् परत यायचं. बहुतेक जण पहिल्याच दिवशी अख्खं वावर धरतात, दुपारी थकून खाटेवर पडतात आणि "पाहा, जमत नाही" म्हणतात.

झोपेचं आमच्याकडे कोणी मनावर घेत नाही. रानडुकरांपासून पीक राखायला रात्रीची जागल, त्यात ओलिताच्या पंपाला लाइनही रात्रीची. अशा आठवड्यात दुपारी झोप काढलीच पाहिजे. झोपेसाठी दारू घेणाऱ्याला डोळा लवकर लागतो आणि रात्री दोन-तीनला जाग येते. नेमके वाईट विचार त्याच वेळचे.

एवढं करूनही दोन आठवडे रोजच उदास वाटत असेल, जेवण-झोप बिघडली असेल, कशातच गोडी नसेल, तर तो आजार असू शकतो. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. बायकांचा थकवा कैकदा तिथे सापडतो. मनाच्या डॉक्टरांकडे नऊ प्रश्नांची चाचणी असते, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज दहा किंवा वर गेली तर नीट तपासणी लागते. नववा प्रश्न जगणं नकोसं वाटतं का, हा. त्याचं उत्तर "हो" असेल तर बेरीज न पाहता त्याच दिवशी त्या माणसाला सोबत घेऊन दवाखान्यात जायचं. एकटं सोडायचं नाही. फवारणीचं औषध घरातून हलवायचं किंवा पेटीत कुलूपबंद करून किल्ली तिसऱ्याकडे द्यायची. रात्र असेल तर १४४१६ लावा. टेली मानस ही सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

गोळ्या सुरू झाल्या तर गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. सुरुवातीच्या आठवड्यात मळमळतं, म्हणून लोक दहाव्या दिवशी सोडून देतात. बरं वाटल्यावरही डॉक्टर काही महिने चालू ठेवतात. मनानं बंद करू नका.

आणि खरंच शेजाऱ्यासाठी विचारलं असेल, तर त्याला "टेन्शन नको घेऊ गड्या" म्हणू नका. संध्याकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन बसा. "रात्री झोप येते का?" एवढंच विचारा, आणि तो बोलेपर्यंत आपण बोलू नका.