निरोप पोचवणारं पोर

बडोदे, रविवार रात्र

आमच्या घरात कुणी कुणावर कधी हात उगारला नाही, हे आई आजही अभिमानाने सांगते. खरंच आहे ते. आमच्याकडे अबोला धरत. बाबा रागावले की आठवडा-आठवडा बोलायचे नाहीत, आणि तेवढे दिवस निरोप मी पोचवायचे. ‘बाबांना सांग, पान वाढलंय.’ बाबा समोरच झोपाळ्यावर बसलेले. ‘आईला सांग, भूक नाही.’ मग मी स्वयंपाकघरात जाऊन सांगायचे, ‘बाबा थोड्या वेळाने जेवतील म्हणाले.’ दुसरीतिसरीतल्या पोरीवर एवढा भार पडू नये.

बाबांनी हे आजोबांचं पाहून उचललं, आजोबांनी पणजोबांचं. दांडिया बाजारातल्या जुन्या घरी पणजी स्वयंपाकघराच्या दाराशी पाटी टांगून ठेवायची, असं आजी सांगायची. ‘तूप संपले.’ ‘धाकट्यास ताप आहे.’ पणजोबा पाटी वाचत आणि बाहेर पडत. सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनाही, म्हणून पणजीला लिहिता येत होतं. पुढे १९३१ साली इथे हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदासुद्धा झाला. एवढं पुढारलेलं राज्य, आणि आमच्या घरात पोराच्या तापाची बातमी पाटीवर! मला अजून संताप येतो.

एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात तान्ह्या बाळांवर एक प्रयोग केला. आईने थोडा वेळ चेहरा निर्विकार ठेवायचा, बाळाला काहीच दाद द्यायची नाही. बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, शेवटी तोंड फिरवतं. मारलं नाही म्हणजे लागलं नाही, असं मी आता मानत नाही.

बाबांना दोष देऊन काय होणार? राग बोलून दाखवता येतो, हे त्यांना कुणी शिकवलंच नाही. आमच्या घरापुरतं मी ठरवलंय. राग आला तर तोंडाने सांगायचं, आणि पुन्हा कधी बोलणार तेही सांगायचं. नवऱ्यालाही हे पटलंय. आमचं बिनसलं तरी लेकाला मध्ये घालायचं नाही.

आज लेक गणिताच्या मार्कांबद्दल खोटं बोलला. म्हटलं, ‘मी फार चिडलेय. जेवणं झाली की बोलू.’

‘नक्की ना?’

जेवणं झाल्यावर बोललो. तो आधी भांडला, मग रडला, मग अपूर्णांक अजिबात कळत नाहीत हे एकदाचं बाहेर आलं. उद्या शाळा सुटल्यावर आम्ही दोघं बाईंना भेटायला जाणार आहोत.